स्क्रूनेच घडवलेला नट

घरी बांधलेल्या सीएनसी राउटरची खरी परीक्षा वर्तुळावर होते. एमडीएफच्या तुकड्यातून ५० मिमी व्यासाची चकती कापून घ्यावी आणि तिच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवावे. बहुतेक नव्या मशिनांच्या चकतीवर नख चार जागी अडखळते. वर्तुळाचे घड्याळ मानले तर बारा, तीन, सहा आणि नऊ या आकड्यांपाशी. तिथे कडा किंचित सपाट होते किंवा बारीकशी पायरी दिसते. बाकीची गोलाई ठीक असते.

हे चार बिंदू योगायोगाने येत नाहीत. तीन आणि नऊपाशी एक्स अक्ष दिशा बदलतो, बारा आणि सहापाशी वाय. दिशा बदलताना मोटर उलटी फिरते, तिच्याबरोबर नटातून टेबल सरकवणारा स्क्रूही फिरतो. पण स्क्रूचे आटे आणि नटाचे आटे यांच्यात जी फट असते ती आधी ओलांडावी लागते. तेवढा वेळ स्क्रू फिरत राहतो आणि टेबल जागचे हलत नाही. कंट्रोलरला मात्र याचा पत्ता नसतो. त्याने पल्स पाठवले, मोटरने ते मोजून घेतले, म्हणजे टेबल सरकले असेच तो धरून चालतो. या ढिलाईला पुस्तकात बॅकलॅश म्हणतात, वर्कशॉपमध्ये ‘नटाला प्ले आहे’ म्हणतात.

बाजारातल्या नटात हा प्ले चुकून राहिलेला नसतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले आणि १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने अमेरिकेत ६० अंशांचे. त्यामागचा हेतू असा की कुठल्याही कारखान्याचा नट कुठल्याही कारखान्याच्या बोल्टवर बसावा. तसे व्हायचे तर नट थोडा मोठा आणि बोल्ट थोडा बारीक ठेवावाच लागतो. आजच्या एम-८ बोल्टच्या आट्याचा मधला व्यास नेहमीच्या प्रमाणाप्रमाणे ७.०४२ ते ७.१६० मिमी असतो आणि नटाचा ७.१८८ ते ७.३४८ मिमी. सर्वांत बारीक बोल्ट आणि सर्वांत सैल नट एकत्र आले तर व्यासात ०.३०६ मिमीचा फरक पडतो. आट्याची बाजू ३० अंशांत कलती असल्याने अक्षाच्या दिशेने ती फट सुमारे ०.१८ मिमी भरते. दोघेही प्रमाणात बसणारे, दोघेही निर्दोष, आणि तरी टेबल मिलिमीटरच्या जवळजवळ पाचव्या भागाइतके मागेपुढे हलते.

पत्रा आवळताना याने काही बिघडत नाही. बोल्ट आवळला की आट्यांची एकच बाजू दाबली जाते आणि फट दुसऱ्या बाजूला निरुपद्रवी पडून राहते. थ्रीडी प्रिंटरच्या झेड अक्षालाही चालते. बाथ विद्यापीठात सुरू झालेल्या रेपरॅप प्रकल्पाच्या सुरुवातीच्या प्रिंटरांत साधा एम-८ थ्रेडेड रॉड आणि साधे नट वापरून लोकांनी उत्तम छपाई केली, कारण तिथे वरच्या भागाचे वजन नटाला सतत खाली दाबून ठेवते. गुरुत्वाकर्षण फुकटात प्ले काढते. राउटरच्या एक्स आणि वाय अक्षांना ही सोय नाही. शिवाय तिथे कटर लाकडात शिरलेला असतो आणि टेबलाला कधी ढकलत, कधी ओढत असतो.

ही ओढ समजून घेतली की सॉफ्टवेअरने प्ले भरून काढण्याचा मार्ग का अपुरा पडतो तेही कळते. काही कंट्रोलरांत बॅकलॅशचा आकडा भरता येतो. दिशा बदलली की तेवढे जास्तीचे पल्स आपोआप सोडले जातात. रिकामे टेबल फिरवून पाहिले तर मोजमाप सुंदर येते. पण कापताना कटरचे दाते ज्या दिशेने जातात त्याच दिशेने माल पुढे सरकत असेल, तर कटर मालाला स्वतःकडे खेचतो आणि टेबल त्या फटीच्या अंतराने झटक्यात पुढे जाते. पल्स कितीही सोडले तरी फट जागच्या जागीच असते. ती नटातूनच काढावी लागते.

इथे साधा नट आणि मशिनचा नट यांच्यातला फरक कामाला येतो. मशिनच्या नटाला जगातल्या सगळ्या स्क्रूंवर बसायचे नाही. त्याला एकाच स्क्रूवर आयुष्य काढायचे आहे. मग तो प्रमाणाच्या आकड्यांनी कशाला करायचा? ज्या स्क्रूवर चालायचा त्याच स्क्रूने तो घडवावा. घरच्या प्लास्टिक नटाची सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे आणि ती युक्ती नाइलाजाची नाही, चांगल्या इंजिनिअरिंगची आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिला जुनी परंपराही आहे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ५ फूट लांब, २ इंच जाड आणि इंचाला ५० आटे असलेला एक स्क्रू केला, तेव्हा त्याच्यासाठी केलेला नट तब्बल १२ इंच लांब होता; त्यात ६०० आटे होते. इतके आटे एकदम टेकले की एखाद्या आट्याची चूक बाकीच्यांच्या सरासरीत विरून जाते. १८८२ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंडने प्रकाशाच्या वर्णपटासाठी काचेवर व धातूवर बारीक रेषा ओढणारे यंत्र उभारले, त्याचा स्क्रू त्याने लांब, चिरलेल्या नटात पॉलिशची पूड आणि तेल घालून घासघासून शुद्ध केला. नट आणि स्क्रू एकमेकांना दुरुस्त करत गेले. आणि १८३९ मध्ये आयझॅक बॅबिटने पेटंट घेतलेला मऊ मिश्रधातू तर आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकना व्हाइट मेटल म्हणून चांगला परिचित आहे. जुन्या ऑइल इंजिनांची बेअरिंगे त्याच्या रसाने भरली जात. शाफ्टभोवती रस ओतायचा, निवू द्यायचा, मग घासून-पुसून शाफ्टला बसवायचे. शाफ्टचा आकार बेअरिंगला शाफ्टनेच द्यायचा. प्लास्टिकच्या नटात आपण हेच करतो, फक्त व्हाइट मेटलच्या जागी असे काही घेतो जे स्वयंपाकघराच्या ओट्याएवढ्या जागेत हाताळता येईल.

कुठले प्लास्टिक, हा प्रश्न मात्र हलका नाही. नायलॉनचा रॉड सगळीकडे मिळतो, स्वस्त असतो, झिजतही कमी. पण नायलॉन हवेतली ओल पितो आणि फुगतो. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यात नेमका बसवलेला नायलॉनचा नट जुलैत स्क्रूला आवळून धरतो, हे तिथल्या हौशी मंडळींना सांगावे लागत नाही. पाण्यात पूर्ण मुरलेला नायलॉन-६ आपल्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी धरतो. ॲसिटल नावाचे प्लास्टिक १ टक्काही धरत नाही. उच्च घनतेचे पॉलिथिलिन घसरायला छान, पण दाबाखाली हळूहळू वाहते. टेफलॉन त्याहून मऊ. म्हणून नटाला ॲसिटल घ्यावे. बाजारात ते डेलरिन या नावाने चालते, मग ते कोणत्याही कंपनीचे असो.

या ॲसिटलची गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण घरी नट करताना जी काळजी घ्यावी लागते तिचे मूळ तिथे आहे. फॉर्मल्डिहाइडचे रेणू एकामागे एक जोडले की ॲसिटलची साखळी तयार होते. जर्मनीत हेर्मान श्टाउडिंगरने १९२० च्या दशकातच तिचा अभ्यास केला होता. पण ती टिकत नसे. तापवली की साखळी टोकापासून एकेक रेणू सोडत जायची आणि सगळ्याचे पुन्हा फॉर्मल्डिहाइड व्हायचे. ड्यूपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी साखळीच्या दोन्ही टोकांवर वेगळा रासायनिक गट बसवून ती बंद केली आणि १९६० मध्ये डेलरिन बाजारात आले. दोन वर्षांनी सेलानीज कंपनीने साखळीत मधेमधे वेगळे दुवे घालून दुसरा मार्ग काढला. सुटत जाणारी साखळी त्या दुव्यापाशी थांबते. पहिला प्रकार सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळतो, दुसरा १६५ च्या आसपास. दोन्ही चालतात. पहिल्या प्रकारच्या जाड रॉडच्या मधोमध कधीकधी सच्छिद्र, फिकट रेघ असते. नटाचे भोक तिथेच पडत असल्याने ती निघून जाते, पण नट रॉडच्या कडेकडून काढायचा असेल तर कापलेल्या तोंडावर एकदा नजर टाकावी.

वितळणबिंदूच्या फार वर गेले की आजही तीच जुनी खोड जागी होते. ॲसिटल जास्त तापले की फॉर्मल्डिहाइड वायू सोडते. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्यांत ठेवलेल्या बेडकांचा जो झोंबणारा वास यायचा, तोच हा. वास आला म्हणजे तापमान चुकले. डोळे चुरचुरेपर्यंत थांबायचे नाही. ॲसिटल पेटले तर त्याची ज्वाला निळसर, जवळजवळ न दिसणारी असते, त्यामुळे उघड्या ज्योतीपेक्षा हॉट एअर गन बरी आणि बंद खोलीपेक्षा गच्ची किंवा अंगण बरे. पीव्हीसीचा तुकडा किंवा चुरा जवळपास नसावा. पीव्हीसीतून निघणारे आम्ल ॲसिटलला झपाट्याने मोडते.

आता स्क्रू. एम-८ किंवा एम-१० थ्रेडेड रॉडवर मशिन चालते, पण त्याचे ६० अंशांचे आटे नटाला बाहेर फाकवत राहतात आणि घर्षण वाढवतात. ट्रॅपेझॉइडल आटे ३० अंशांचे, बाजू उभट. ते ढकलायचे काम सरळ करतात. १० मिमी व्यास आणि एका फेऱ्यात २ मिमी सरकणारा स्क्रू लहान राउटरला योग्य. बाजारात स्वस्त मिळणारा ८ मिमी जाडीचा, चार आटे बरोबर चालणारा, फेऱ्यात ८ मिमी जाणारा स्क्रू वेगवान असतो. पण त्याचा उतार सुमारे २० अंशांचा, तर पोलाद आणि ॲसिटलमधल्या घर्षणाचा कोन ११-१२ अंशांचा. म्हणजे मोटरची वीज गेली की झेड अक्ष स्पिंडलसकट आपोआप खाली येऊ शकतो. २ मिमीच्या स्क्रूचा उतार ४ अंशच, तो जागच्या जागी राहतो.

माझा आग्रह असा की स्क्रू घेताना लागतो त्यापेक्षा वीतभर लांब घ्यावा. कापून उरलेला तुकडा फेकायचा नाही. तोच नटाचा टॅप, तोच नटाचा साचा. तो त्याच रॉडचा, त्याच रोलिंगमधला, त्याच जाडीचा आणि त्याच आट्यांचा असतो. दुकानातून ट्रॅपेझॉइडल टॅप आणायचा तर तो महाग पडतो, आणि इतके करून तो प्रमाणातला नट पाडणार, म्हणजे फट पुन्हा आली.

पहिली रीत टॅपची. उरलेल्या तुकड्याच्या टोकाचा ३० मिमी भाग ग्राइंडरवर उतरता करायचा, इतका की अगदी टोकाला आटे जेमतेम शिल्लक राहावेत. मग १ मिमीच्या कटिंग डिस्कने लांबीच्या दिशेने तीन किंवा चार खाचा मारायच्या, आट्यांच्या मुळापर्यंत. प्रत्येक खाचेची एक कड कापणार असते, तिच्यावरचा खरखरीत काठ बारीक कानशीने काढून ती धारदार ठेवायची. स्टेनलेस किंवा साधे पोलाद ॲसिटल कापायला पुरेसे कठीण असते. टॅपला पाणी द्यायची गरज पडत नाही. ॲसिटलच्या ठोकळ्यात ८ ते ८.२ मिमीचे सरळ भोक ड्रिल प्रेसवर पाडायचे, ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि टॅप मारायचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. खाचांतून पांढऱ्या, रेशमी लांब किसाच्या गुंडाळ्या बाहेर येतात. त्या अडकू द्यायच्या नाहीत, टॅप पूर्ण काढून झटकून पुन्हा घालायचा. कीस गुंतला की तो नव्या आट्यांवरून घासतो आणि पृष्ठभाग ओरखडतो.

प्लास्टिक लवचिक असते, त्यामुळे कापल्यानंतर आटे किंचित परत येतात आणि नट स्क्रूपेक्षा केसभर लहान राहतो. आपल्याला हेच हवे असते. तो सुरुवातीला हाताने जड फिरतो. स्क्रू ड्रिलमध्ये धरून नट मागेपुढे फिरवत राहिले की आट्यांच्या माथ्यांवरचा खरखरीतपणा जातो आणि फिरणे एकसारखे होते.

दुसरी रीत उष्णतेची, आणि मला ती जास्त आवडते. लाखेवर मोहोर उठवावी तसा इथे स्क्रू स्वतःचा ठसा प्लास्टिकवर उठवतो. ॲसिटलच्या ठोकळ्यात आट्यांच्या मधल्या व्यासापेक्षा थोडे लहान, म्हणजे १० मिमीच्या स्क्रूला ८.५ मिमीचे भोक पाडायचे. मग हॅकसॉने ठोकळा भोकाच्या मधोमध लांबीत चिरायचा. दोन अर्धगोल खाचांचे दोन तुकडे मिळतात. करवतीने खाल्लेल्या जागेमुळे ते एकमेकांना टेकवले की भोक लंबगोल दिसते. त्याची चिंता नको, दाबताना ते भरते. उरलेला स्क्रूचा तुकडा हॉट एअर गनखाली फिरवत फिरवत तापवायचा. तो पुरेसा तापला की नाही हे ॲसिटलच्या टाकाऊ तुकड्यावर टेकवून पाहायचे. पृष्ठभाग काचेसारखा चकाकला आणि आटा शांतपणे रुतला तर बरोबर. बुडबुडे आले, वास आला, तर स्क्रू खाली ठेवून थोडे थांबायचे. पांढरट ओरखडा उठला पण रुतला नाही, तर अजून तापवायचा.

तापलेला स्क्रू दोन तुकड्यांच्या मधे ठेवून व्हाइस आवळायचा. घाई करायची नाही. व्हाइसचा दांडा थोडा फिरवावा, प्लास्टिक मऊ पडून मागे सरल्यासारखे वाटते, मग आणखी थोडा. शेवटी दोन्ही तुकड्यांच्या सपाट बाजू एकमेकींपासून कागदभर अंतरावर येतात आणि दोन्ही टोकांना स्क्रूभोवती पांढऱ्या प्लास्टिकची गोल वळी बाहेर आलेली दिसते. ही वळी म्हणजे आटे पूर्ण भरल्याची खूण. ती नंतर ब्लेडने छाटता येते. आता काहीही न हलवता सगळे पूर्ण निवू द्यायचे.

निवण्याचा वेळ हा या रीतीचा प्राण आहे, त्याचे कारण नीट समजून घ्यावे. ॲसिटल द्रवातून घन होताना सुमारे २ टक्के आकसते. पूर्ण नटच वितळला असता तर २० मिमी लांबीत ०.४ मिमीची तूट आली असती आणि आट्यांचे अंतरच बदलले असते. म्हणून ठोकळा तापवायचा नाही, फक्त स्क्रू तापवायचा. मग आट्यांपुरती पातळ साय वितळते, बाकीचा ठोकळा थंड आणि ठाम राहतो. ती साय निवताना स्क्रूलाच टेकून निवली तर आकसण्याला स्क्रूच्या आट्यांची आडकाठी होते आणि अंतर स्क्रूचे आहे तेच राहते. गरम असतानाच स्क्रू काढला तर हा सगळा फायदा वाया जातो. पूर्ण निवल्यावर नट स्क्रूला घट्ट धरलेला असतो; ॲसिटल पोलादाला चिकटत नाही, त्यामुळे पान्ह्याने पहिला पाव फेरा जोर लावला की तो सुटतो. तापवण्यापूर्वी स्क्रूवर मेणाचा पुसट हात फिरवला तर आणखी सोपे.

दोन तुकड्यांचा हा नट आणखी एका अर्थाने उपयोगी असतो. दोन्ही बाजूंना बोल्ट घालून ते तुकडे जवळ आणता येतात. प्ले वाढला की बोल्ट थोडे आवळायचे. टॅपने केलेल्या अखंड नटालाही एका बाजूने करवतीची चीर देऊन आडवा बोल्ट टाकता येतो. स्प्रिंगने एकमेकांपासून दूर ढकललेले दोन नट वापरण्याची पद्धतही चांगली आहे, पण तिथे एक हिशेब विसरू नये: कटरची ढकल स्प्रिंगच्या जोरापेक्षा जास्त झाली की स्प्रिंग दबते आणि प्ले परत येतो. स्प्रिंग कडक घेतली तर नट सतत घासत राहतो आणि मोटरचा जोर त्यातच जातो.

तो जोर किती आहे, हेही पाहू. १० मिमीच्या, २ मिमी सरकणाऱ्या स्क्रूवर घर्षणांक ०.२ धरला तर कार्यक्षमता सुमारे २५ टक्के येते. १ न्यूटन-मीटर टॉर्कची मोटर तरीही कागदावर पावणेआठशे न्यूटन, म्हणजे जवळपास ८० किलो वजनाइतका जोर टेबलावर लावू शकते. लाकूड, ॲक्रिलिक, छापील सर्किटचे बोर्ड, अगदी हलक्या कापाने ॲल्युमिनियम, एवढ्याला तो भरपूर. पण उरलेली ७५ टक्के ऊर्जा नटातच उष्णता होऊन उतरते. पितळेच्या नटातून ती पटकन निघून जाते. ॲसिटल उष्णता वाहून न्यायला पितळेच्या तीनशेव्या भागाइतकेही समर्थ नाही. मशिन तासभर वेगाने चालले की नट कोमट होतो.

आणि ॲसिटल पोलादाच्या नऊपट फुगते. तापमान २० अंशांनी वाढले तर २० मिमी लांबीचा नट स्क्रूपेक्षा ०.०४ मिमीने जास्त लांबतो. आट्यांचे अंतर किंचित बदलते, टोकांचे आटे दाबले जातात आणि नट जड होतो. मॉडस्लेचा १२ इंची नट धातूचा होता म्हणून चालला. प्लास्टिकमध्ये लांबी वाढवत नेण्यात अर्थ नाही. स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबी पुरे. दुसरी गोष्ट याहून कमी लोकांच्या लक्षात येते. मोकळा नट तापला की बाहेरच्या बाजूला फुगतो आणि त्याचे भोकही थोडे मोठे होते. तोच नट ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ठोकून बसवला असेल तर त्याला बाहेर जायला जागा नसते. तो आत फुगतो आणि स्क्रूला आवळतो. सकाळी मऊ चालणारे मशिन दुपारी स्टेप चुकवू लागते, आणि दोष मोटर-ड्रायव्हरवर ढकलला जातो. नट कधीही ठोकून बसवू नये. त्याला चौकोनी ठोकळ्याच्या किंवा कॉलरच्या रूपात ठेवून बोल्टने धरावे आणि भोवती जागा सोडावी.

बोल्टची भोके थोडी मोठी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. स्क्रू आणि टेबलाची रेल पूर्ण समांतर कधीच नसतात. नट आडव्या दिशेने थोडा सरकू शकला पाहिजे आणि अक्षाच्या दिशेने अजिबात नाही. बसवताना बोल्ट सैल ठेवून टेबल मोटरकडच्या बेअरिंगपाशी आणायचे, कारण तिथे स्क्रूला वाकायला वाव नसतो. नट आपोआप आपली जागा घेतो. मग बोल्ट आवळायचे, टेबल दुसऱ्या टोकाला नेऊन ते तितकेच हलके चालते का ते हाताने पाहायचे. अनेकदा प्ले नटात नसतोच. स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये किंवा मोटरच्या कपलिंगमध्ये असतो. स्क्रूला हाताने पुढे-मागे ओढून पाहावे. स्क्रूच हलत असेल तर कितीही उत्तम नट करून फायदा नाही.

मोजायला डायल गेज लागतो, ०.०१ मिमीचा. त्याची टीप टेबलाला टेकवून एकाच दिशेने १ मिमी सरकायचे, काटा शून्यावर आणायचा, मग आणखी १ मिमी पुढे आणि १ मिमी मागे. काटा शून्यापासून जितका दूर राहिला तितका प्ले. हे टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मधे करावे. स्क्रूचा स्वतःचा दोष मात्र याने दिसत नाही. रोल केलेला स्वस्त स्क्रू ३०० मिमी अंतरात दशांश मिलिमीटरभर चुकू शकतो आणि नट कितीही नेमका असला तरी तो स्क्रूच्या मागोमागच जाणार. ती चूक एकसारखी असेल तर कंट्रोलरमधले मिलिमीटरला किती स्टेप हे प्रमाण बदलून बरीचशी काढता येते. २०० स्टेपची मोटर, आठ मायक्रोस्टेप आणि २ मिमीचा स्क्रू असेल तर ते प्रमाण ८०० असते. लांब अंतर मोजून ते ७९९ ते ८०१ च्या दरम्यान जुळवावे.

महाराष्ट्रात अशा मशिनांना आता चांगले दिवस आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. संगणकाने चालणारे मिलिंग गावातल्या मुलांच्या हाती लागण्याची ती सुरुवात होती. आज इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांत घरचा राउटर नेहमी दिसतो. १६ मिमीचा, ५ मिमी सरकणारा बॉल स्क्रूही पूर्वीपेक्षा सहज मिळतो आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. पोलाद कापायचे असेल, दिवसभर उत्पादन काढायचे असेल, तर तोच घ्यावा. ॲसिटल पोलादाच्या सत्तरएक पट कमी ताठ आहे आणि सतत दाबाखाली हळूहळू सरकते. पण बॉल स्क्रूला लाकडाचा भुसा सोसत नाही. बॉल फिरण्याच्या वाटेत एमडीएफची पूड आणि ग्रीस यांचा लगदा जमला की तो झिजायला लागतो. ॲसिटलचा नट कोरडाच चालतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या आट्यांना धार असते, ती स्क्रूवरचा भुसा पुढे ढकलत जाते. लाकूडकाम करणाऱ्याने त्याला तेल घालू नये. तेलात भिजलेली पूड घासण्याच्या पेस्टचे काम करते. सुक्या ब्रशने स्क्रू झाडावा, फार तर टेफलॉनचा कोरडा स्प्रे मारावा.

नवा नट पहिल्या काही तासांत थोडा झिजतो आणि मग स्थिरावतो. माथ्यावरचे उंचवटे गेले की आट्यांची पूर्ण बाजू टेकू लागते आणि झीज मंदावते. त्या टप्प्यावर डायल गेज पुन्हा लावावा, चिरेचा बोल्ट कणभर आवळावा. बोल्ट आवळूनही प्ले जात नाही, किंवा प्ले काढताच स्क्रू जड होतो, तेव्हा लांबीच्या मधल्या भागात, जिथे टेबल सर्वांत जास्त फिरते तिथे, स्क्रूच झिजला आहे का ते पाहावे. तो ठीक असेल तर नट बदलायचा. ॲसिटलचा रॉड सहसा वजनावर मिळतो, एका नटाला मूठभर लागतो, आणि साचा म्हणून ठेवलेला स्क्रूचा तुकडा हाताशी असतोच. तो पुन्हा वापरण्यापूर्वी तारेच्या ब्रशने घासून घ्यावा. मागच्या वेळी आट्यांच्या मुळाशी राहिलेला ॲसिटलचा कण जळून काळा झालेला असतो आणि नव्या नटात त्याचा ओरखडा उमटतो.